विसाव्याचा मावळ कोणी बांधला?

(लोहगडवाडी येथे स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मावळातल्या वाड्यावस्त्यांवरच्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवले. त्यांच्या नावाने उभे राहायचे तर या मुलांच्या पुढच्या आयुष्यात उपयोगी पडेल असेच काही बोलले पाहिजे. म्हणून आज मी लोहगडाच्या लढायांवर बोलणार नाही. त्या तुम्हाला पाठ आहेत. मी बोलणार आहे ते पाहुण्यांबद्दल. दर शनिवारी-रविवारी, विशेषतः पावसाळ्यात, या वाडीच्या रस्त्यावर ज्यांच्या गाड्यांची रांग लागते त्यांच्याबद्दल, त्यांच्या आधी आलेल्यांबद्दल आणि त्यांच्यासाठी राबलेल्या माणसांबद्दल.

लोणावळा-खंडाळा ही थंड हवेची ठिकाणे आहेत, असे आपण शाळेत शिकलो. जणू हवा थंड होती म्हणून लोक आले आणि गाव वसले. पण हवा राजमाचीचीही थंड आहे, तुंग-तिकोन्याचीही थंड आहे. तिथे दीडशे वर्षांपूर्वी बंगले का उठले नाहीत? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी एका निष्कर्षाला आलो. मावळात जी जी जागा आज विसाव्याची म्हणून ओळखली जाते, ती आधी कोणाच्या तरी कामाची जागा होती. आणि ज्यांनी ते काम केले, त्यांना विसाव्याच्या कमाईत वाटा मिळाला नाही. दोनशे वर्षे हे असेच चालत आले आहे. आज ती पाळी लोहगडवाडीवर आली आहे आणि इथे तरी ते निराळे घडावे, ही माझी तळमळ आहे.

सुरुवात या वाडीपासूनच करू. किल्ल्याला वाडी लागते. वर शिबंदी असते, तिला धान्य लागते, सरपण लागते, दूध लागते. लोहगडाच्या नारायण दरवाजाजवळ भात आणि नाचणी साठवायचे भुयार आहे. ते भात आणि ती नाचणी कोणीतरी खालून डोक्यावर वाहून नेली होती. आणि गणेश दरवाजाची कथा तर इथल्या प्रत्येक घरात सांगितली जाते: बुरूज टिकावा म्हणून एका घराण्यातल्या माणसांचा बळी देण्यात आला आणि त्याच्या बदल्यात त्यांच्या वंशजांना लोहगडवाडीची पाटीलकी मिळाली. कथा म्हणूनच ती घ्या. पण इथल्या लोकांनी आपल्या हक्काची सांगड कशाशी घातली आहे ते पाहा. या जमिनीवरचा आमचा हक्क आमच्या माणसांच्या जिवाने मिळालेला आहे, असे ती कथा सांगते. वाडीची जमीन विकायचा विषय निघेल तेव्हा ही कथा आठवावी, अशी माझी विनंती आहे.

१६६५ च्या पुरंदरच्या तहात हा किल्ला मोगलांना गेला, १६७० मध्ये परत आला. पुढे आंग्रे, मग पेशवे, मग नाना फडणीस. नानांनी दरवाजे भक्कम केले, वर सोळा कोनांचा तलाव बांधला. १८१८ च्या मार्च महिन्यात जनरल प्रॉथरच्या फौजेने ४ तारखेला विसापूर घेतला आणि लगेच लोहगडही पडला. त्या दिवशी किल्ल्याचे काम संपले, आणि त्याबरोबर वाडीचेही. पुढे दीड शतक इथे गुरे होती, भात होते, कारवीच्या कुडाची घरे होती, आणि बाहेरचे कोणी फारसे येत नव्हते. इतिहासाच्या पुस्तकात या दीडशे वर्षांना एक ओळही मिळत नाही. तेवढ्या काळात वाडी टिकून राहिली, ती शेतीवर आणि एकमेकांच्या आधारावर.

बाहेरचे लोक त्या काळात जात होते ते पलीकडून, बोरघाटातून. इंग्रज या वाटेने आधी तोफा घेऊन आला. १७७८ च्या अखेरीस त्यांची फौज घाट चढून खंडाळ्याला आली. १७७९ च्या जानेवारीत कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट पडला, ज्याला मराठ्यांनी त्याच्या शौर्यासाठी इष्टुर फाकडा म्हटले, आणि वडगावला त्या फौजेला तह करावा लागला. पुढे राज्य गेल्यावर त्याच वाटेचा त्यांनी गाडीरस्ता केला. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो चाकांच्या वाहतुकीला खुला केला. मुंबईहून होडीने पनवेल, तिथून खोपोली, मग घाट आणि खंडाळा. घाट चढून दमलेले बैल, पालख्यांचे भोई आणि प्रवासी तिथे थांबत. खंडाळ्याचा पहिला विसावा हा असा होता. मुद्दाम हवा खायला आलेला माणूस त्यात क्वचितच असेल.

याच माल्कम साहेबांच्या काळात महाबळेश्वर वसले, आणि १८५० मध्ये ह्यू मॅलेटने माथेरान शोधले. ही दोन्ही ठिकाणे विश्रांतीसाठी म्हणूनच ठरवून उभी केली गेली. समुद्राकाठच्या गावांचेही असे इतिहास आहेत. इंग्लंडातले ब्रायटन हे मुळात मासेमारांचे गाव. राजपुत्राने तिथे वाडा केला म्हणून ते श्रीमंतांचे ठिकाण झाले, आणि १८४१ मध्ये लंडनहून आगगाडी पोचल्यावर सामान्यांचे. खंडाळा-लोणावळ्याला ना राजपुत्र मिळाला ना कोणाची योजना. त्यांना मिळाली ती फक्त आगगाडी, आणि ती बांधताना गेलेले जीव.

इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण या इतिहासाचा हा सर्वांत जड भाग आहे आणि लोणावळ्याला सहलीला येणाऱ्या शंभरातल्या एकालाही तो ठाऊक नसतो.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने घाटाचे काम १८५६ मध्ये हाती घेतले. मुख्य अभियंता होते जेम्स बर्कली. त्याच वर्षी गाडी खोपोलीपर्यंत आली होती. १४ जून १८५८ ला वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. म्हणजे पुढची जवळजवळ पाच वर्षे मुंबईचा उतारू खोपोलीला गाडीतून उतरायचा, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढायचा आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसायचा. या पाच वर्षांत खंडाळ्याला भोई, हमाल, तट्टूवाले, खाणावळवाले यांची जी वर्दळ झाली असेल, ती डोळ्यासमोर आणा. मावळातल्या माणसाने बाहेरच्या पाहुण्याची सेवा करून चार पैसे मिळवायला सुरुवात केली, ती तिथे.

आणि त्याच वेळी, त्या पालख्यांच्या वाटेलगत कड्यांवर सुरुंग लावले जात होते. सुमारे सोळा मैलांत १८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे, आठ मोठे दगडी पूल. पावसाळ्यात काम बंद, उरलेल्या आठ महिन्यांत रात्रंदिवस चालू. १८६१ च्या सुरुवातीला या एका घाटात बेचाळीस हजारांवर माणसे काम करत होती. त्यांत देशावरची होती, कोकणातली होती, बायका होत्या, पोरे होती. ती कड्यांवर दोर बांधून लटकायची आणि पहारीने सुरुंगाची भोके पाडायची. रात्री झोपायला पाल्याच्या झोपड्या, प्यायला ओढ्याचे पाणी. त्यात पटकीची साथ आली. इतिहासकार इयन कर यांनी या रेल्वेबांधणीचा सखोल अभ्यास केला आहे. या घाटात मेलेल्यांची संख्या वीस हजारांच्या पुढे असावी, असा त्यांच्या अंदाजाचा रोख आहे. वीस हजार! त्यांतल्या एकाचेही नाव घाटात कुठे कोरलेले नाही.

१८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल झाली. कंत्राटदार फॅव्हिएलने लवकरच काम सोडले. त्याच्या जागी विलायतेहून सॉलोमन ट्रेडवेल आला आणि काही आठवड्यांतच वारला. पुढे त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिने ते कंत्राट आपल्या हाती घेतले, दोन अनुभवी अभियंते नेमले आणि काम तडीस नेले. या बाईच्या धैर्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तिचे नाव आपल्याला कळते आणि तिच्याच कामावर पाटी वाहणाऱ्या एकाही मावळणीचे कळत नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. कंत्राटाचे कागद राहतात, मुकादमाच्या हजेरीचे राहत नाहीत.

एप्रिल १८६३ मध्ये घाटातून गाडी सुरू झाली. खंडाळ्याचे भोई आणि तट्टूवाले एका हंगामात बेकार झाले. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पाहुण्यांवर पोट भरणाऱ्या गावाचे हे पहिले संकट होते: रस्ता सुधारला की थांबणारा माणूस थांबत नाही. घाटापुढची मोठी वस्ती झाली ती लोणावळ्याला, कारण इंजिने तिथे जोडायची-सोडायची होती. लोणावळा हे रेल्वेचे गाव म्हणून वाढले. इंजिनांचा कारखाना, रेल्वेची शाळा, साहेबांची दोन प्रार्थनामंदिरे, फ्रीमेसन लोकांचा लॉज आणि सहकारी दुकान अशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या लोणावळ्याची यादी पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये सापडते. १८८१ च्या खानेसुमारीत तिथली वस्ती साडेतीन हजारांच्या आत होती. २०११ मध्ये ती ५७,६९८ झाली.

इंजिनांना पाणी लागते. म्हणून रेल्वेने भुशीला बंधारा घातला. भुशी धरण! आज ज्या पायऱ्यांवर पावसाळ्यात बसायला जागा मिळत नाही, ते धरण मुळात वाफेच्या इंजिनांची तहान भागवायला बांधलेले आहे. पुढे १९२९-३० च्या सुमारास घाटात विजेवर गाड्या धावू लागल्या आणि वाफेच्या इंजिनांचे राज्य ओसरले. मागे धरण उरले आणि ते माणसांच्या मौजेचे झाले. मी म्हणतो ते हेच: काम निघून गेले की त्याच्या जागेवर विसावा येऊन बसतो.

बंगल्यांबद्दल मी थोडक्यात बोलणार आहे, कारण त्यांच्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. गाडीने मुंबई जवळ आली तसे पारशी, गुजराती, बोहरी व्यापारी, गोरे अधिकारी, सॉलिसिटर यांनी खंडाळा-लोणावळ्याला जागा घेतल्या. उन्हाळ्यात दोन महिने आणि पावसाळ्यात चार रविवार बंगला उघडायचा. बाकी वर्षभर तिथे राहायचा तो माळी. मूळ जमीन ज्याची होती, त्याचाच मुलगा किंवा नातू अनेकदा त्या बंगल्यावर माळी म्हणून राहिला. मावळात हे नाते आजही घरोघर सापडेल. माळ्याने दुसऱ्याच्या बागेला पाणी घातले, दुसऱ्याचे कुत्रे सांभाळले, दुसऱ्याच्या किल्ल्या कमरेला बांधल्या. त्याचा पगार इमानदारीने दिला गेला असेल, पण जमीन त्याला परत मिळाली नाही.

सगळेच पाहुणे असे आले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाचा अभ्यास प्रयोगशाळेत नेला. शंभर वर्षांहून अधिक काळ ती संस्था उभी आहे. १९४५ मध्ये आयएनएस शिवाजी ही नौदलाची अभियांत्रिकी शिक्षणसंस्था आली. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर नौदलाची मुले इंजिन शिकतात, याचा मावळाने अभिमान बाळगावा. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली, तीही आरंभी शनिवार-रविवारची गाडी म्हणून. आणि चिक्की! मगनलाल चिक्कीवाल्यांचे मूळ दुकान १८८८ चे, रेल्वेच्या मजुरांना गुडदाणी विकता विकता ते वाढले, असे सांगतात. शेंगदाणा आणि गूळ हे मजुराचे अन्न. तेच आज पाहुण्याच्या पिशवीत डब्यात भरून मुंबईला जाते.

आता पाण्याबद्दल. मावळाच्या डोंगरांवर वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्या पावसावर गेल्या शतकात सर्वांचा डोळा राहिला. टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला १९११ मध्ये बसली. लोणावळा, वळवण आणि शिरोता इथे पाणी अडवले, ते नळांतून खोपोलीला खाली सोडले आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. भारताच्या उद्योगाच्या इतिहासात ही मोठी गोष्ट आहे, ती लहान करायचे मला कारण नाही. पण त्या तलावांच्या तळाशी शेते होती. पुढे मुळशीला हीच वेळ आली, तेव्हा १९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिलला, शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे होते, पांडुरंग महादेव बापट होते, ज्यांना याच लढ्याने सेनापती हे नाव दिले. धरण झालेच. आज मुळशीच्या, वळवणच्या काठावर लोक सूर्यास्त पाहायला जातात.

आणि आपल्या दाराशी पवना. या वाडीतून दक्षिणेला पाहिले की ते पाणी दिसते. धरणाचे काम १९६० च्या दशकात सुरू झाले आणि १९७२ च्या सुमारास पाणी साठू लागले. साठा सुमारे साडेआठ टीएमसी. ते पाणी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना आणि घरांना मिळते. ज्यांच्या जमिनी त्याच्या पोटात गेल्या, त्यांच्यातल्या शेकडो खातेदारांची पुनर्वसनाची मागणी दुसऱ्या-तिसऱ्या पिढीपर्यंत चालू राहिली. धरणातून थेट बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेला मावळाने विरोध केला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ झालेल्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यांत एक बाई होती. ते काम नंतर तपभर थांबून राहिले. आज त्याच धरणाच्या काठावर रंगीत तंबू लागतात. रात्री शेकोटी, गाणी, सकाळी पोहे. तंबूत झोपणाऱ्या मुलांचा यात काही दोष नाही, त्यांना कोणी हे सांगितलेलेच नाही. सांगण्याचे काम आपले आहे. तंबूचा धंदा करणाऱ्या इथल्या प्रत्येक तरुणाने पाहुण्याला चहा देताना पाच मिनिटे ही हकिगत सांगावी, असे मला वाटते.

११ मार्च १९७८ ला पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली. मळवलीला उतरून भाज्याची लेणी पाहत गायमुख खिंडीने चालत वर येणारा ट्रेकर या वाडीला भेटला तो तेव्हापासून अधिक. चांगला पाहुणा होता तो. पाठीवर पिशवी, हातात काठी, घरात जे शिजले असेल ते खाणारा. पिठलं-भाकरी हा धंदा आहे हे वाडीला त्याने शिकवले. मग २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, गाड्या वाढल्या, वाडीपर्यंत डांबर आले, आणि पाहुण्याची जात बदलली. आता येणारा तासाभरासाठी येतो. त्याला किल्ला नको असतो, पाऊस हवा असतो आणि फोटो हवा असतो.

गर्दीचे धोके तुम्ही माझ्याहून जवळून पाहता. २०२३ च्या जुलैच्या आरंभी एका रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर माणसे अडकून पडली, वरची खाली येईनात, खालची वर जाईनात. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या वरच्या अंगाला, धबधब्यात, पुण्याच्या एका कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने इंद्रायणीत कोसळला, चार जण गेले. आणि डोंगराचे म्हणाल, तर १९८९ च्या जुलैत विसापूरच्या पायथ्याला, या भाजे गावावर दरड आली आणि तीसहून अधिक माणसे गाडली गेली. ते ज्यांच्या घरात घडले ते आज या मंडपात बसलेले असतील. डोंगर फोडून सपाटी करणारा पोकलेन दिसला की त्यांच्या छातीत काय होत असेल, ते नगररचनेच्या नकाशात लिहिलेले नसते.

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसला युनेस्कोच्या बैठकीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्यांत साल्हेर, शिवनेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, पन्हाळा यांच्या जोडीला लोहगड आहे. पुणे जिल्ह्यातले शिवनेरी, राजगड आणि हा, असे तीन. आनंद सर्वांनाच झाला, मलाही झाला. पण मान्यतेनंतर जे येते त्याची तयारी आधी करावी लागते. लोहगड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. २०१० च्या कायद्यातील दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. किल्ल्याच्या दाराशी असलेल्या वाडीला याचा अर्थ काय, ते समजून घ्या. गावकऱ्याला आपल्या घराची पडवी वाढवायला परवानगीसाठी खेटे घालावे लागतील, आणि त्या हद्दीच्या जरासे बाहेर, ज्याच्या हाती पैसा आणि वकील आहे, तो रिसॉर्ट उभे करील. कायदा दोघांना सारखाच, पण तो पाळायचा खर्च दोघांना सारखा नाही.

मग काय करावे? पाहुणे नकोत असे मी म्हणणार नाही. भाताच्या चार पट्ट्यांवर आता घर चालत नाही हे मला समजते. कोकणाकडे पाहा. गुहागर, दिवेआगर, हरिहरेश्वर या समुद्राकाठच्या गावांत घरगुती राहण्याची सोय सुरू झाली, ती घरमालकानेच आपल्या वाडीत, आपल्या नारळी-पोफळीत. पाहुणा ओटीवर, स्वयंपाक घरच्या बाईच्या हातचा, पैसा त्याच घरात. जिथे हे टिकले तिथे गावाचे गावपण टिकले. आणि त्याच कोकणात अलिबागच्या आसपासच्या गावांकडे पाहा, जिथे जमिनी मुंबईच्या धनिकांनी घेतल्या आणि गावची मुले फाटकावर पहारा करतात. दोन्ही वाटा एकाच किनाऱ्यावर आहेत. फरक पडतो तो सातबारावर नाव कोणाचे राहिले यानेच.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे आणि ते ग्रामसभेपुढे ठेवण्यासारखे आहे. जमीन भाड्याने द्या, कराराने द्या, पण विकू नका. एजंट येईल, गुंठ्याचा भाव सांगेल, तो भाव तुम्ही कधी ऐकला नसेल असा असेल. खंडाळ्याच्या शेतकऱ्यालाही त्याच्या काळात असाच भाव मिळाला होता. गाड्या वाडीत आणू नका. मळवलीला किंवा खाली भाज्याला त्या थांबाव्यात आणि वर चालत यावे, ज्याला चालवत नाही त्याच्यासाठी गावाच्या जीपगाड्या असाव्यात. त्याचे भाडे गावात राहील आणि गायमुख खिंडीत कोंडीही होणार नाही. आणि कोणत्याही घराला पाहुण्यांच्या खोल्या बांधायची परवानगी देण्याआधी उन्हाळ्यात विहीर किती दिवस पुरते, याचा हिशेब मांडा. एवढ्या पावसाच्या मुलखात वैशाखात टँकर मागवायची वेळ येऊ नये.

जेवणाचे एक सांगतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी हा वाण काढला, १९८७ मध्ये. आज पुण्या-मुंबईत तो नावाने विकला जातो. आपल्या मावळाचा तांदूळ आहे तो. आणि इथल्या पाट्यांवर काय लिहिलेले असते? मॅगी, मंच्युरियन. बचत गटाच्या बायकांनी इंद्रायणीचा भात, नाचणीची भाकरी, कुर्डूची आणि टाकळ्याची भाजी असे ताट ठरवले, तर ज्या पिकाला शेतात भाव मिळत नाही त्याला ताटात मिळेल. पाटीच बदलायची आहे, भांडवल लागत नाही.

आणि शेवटचे एक, जे मला फार दिवसांपासून वाटते. बोरघाटात वीस हजारांवर माणसे मेली आणि त्यांचे एक स्मारक नाही. घाट उतरताना दिसणारा १८३० चा जुना पूल, ज्याला सगळे अमृतांजन पूल म्हणत, तोही एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला. तोही त्याच घाटातल्या कष्टकऱ्यांच्या हातचा होता. मावळातल्या ग्रामपंचायतींनी, लोणावळा नगरपरिषदेने आणि रेल्वेने मिळून घाटातल्या मजुरांचे, आणि धरणांखाली गेलेल्या गावांचे, एक स्मारक खंडाळ्याला उभारावे. त्यावर वळवणचे, शिरोत्याचे, पवनेच्या पोटात गेलेल्या प्रत्येक वाडीचे नाव असावे. ही मागणी लोहगडवाडीच्या ग्रामसभेने पहिल्यांदा ठरावाने करावी, कारण किल्ल्यासाठी जीव दिल्याची कथा सांगणारी ही वाडी आहे. ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे. तो सरपंचांकडे देतो. येत्या ग्रामसभेत तो वाचा, हवे ते बदल करा आणि सह्या करा.